वर्षभरात तिसऱ्यांदा योनिमार्गाचा संसर्ग: सवयींचा वाटा किती, परिस्थितीचा किती?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३२, लग्नाला सहा वर्षं. गेल्या वर्षभरात तीनदा अंगावरून पांढरं जाणं, वास आणि खाज असा त्रास झाला. दर वेळी गोळ्या घेतल्या की काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, स्वच्छता कमी पडते. मी दिवसातून दोनदा इंटिमेट वॉशने आतूनसुद्धा धुते. नवऱ्याला काहीच त्रास नाही. माझ्याच सवयींत काही चुकतंय का?

उत्तर:

आतून धुणं आजपासून बंद करा. बाकी उत्तर लांबलचक आहे, पण एवढ्यासाठी ते वाचून होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

पाळी येण्याच्या वयात इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं. लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू त्याच्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं मोजमाप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. एवढ्या आम्लात बाकीच्या बहुतेक जिवाणूंचं फारसं चालत नाही. आता यासमोर दुसरे आकडे ठेवून बघा: पाणी ७ च्या आसपास, रक्त ७.४, वीर्य ७.२ ते ८, अंगाचा नेहमीचा साबण ९ ते १०. म्हणजे पाळी, संबंध आणि धुणं या तिन्हींनी तिथली आम्लता काही काळ उतरते. पाळी आणि संबंधांनंतर निरोगी योनिमार्ग आपला आपण सावरतो. रोज दोनदा आत वॉश गेला तर सावरायला उसंतच मिळत नाही. बाटलीवर ‘पीएच बॅलन्स्ड’ लिहिलेलं असलं म्हणून आतले जिवाणू वाहून जायचे थांबत नाहीत.

‘स्वच्छता कमी पडते’ हा सल्ला मला म्हणूनच सगळ्यांत घातक वाटतो. तो ऐकून बाई आणखी धुते. जिवाणूंच्या असमतोलात जो माशासारखा वास येतो तो अमाइन नावाच्या रसायनांचा. वीर्य किंवा पाळीचं रक्त आलं, म्हणजे आम्लता उतरली, की ही रसायनं हवेत मोकळी होतात आणि वास भपकन वाढतो. नेमकं त्याच वेळी बाई सगळ्यांत जास्त धुते. तीन-चार तास बरं वाटतं, लॅक्टोबॅसिलस आणखी कमी होतात आणि दोन दिवसांनी वास परत येतो. मग अजून धुणं. तपासणीच्या खोलीत ‘तुम्ही आतून धुता का’ असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. ‘आंघोळीच्या वेळी कसं धुता ते जरा सांगा’ असं विचारलं की मग हँड शॉवर, साबणाचं बोट, पाण्यात थेंबभर जंतुनाशक असं एकेक बाहेर पडतं. त्या बायका खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ती स्वच्छता असते, धुण्याचा वेगळा प्रकार नव्हे. तुम्ही स्वतःहून लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं.

बाहेरचं अंग दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुतलं की पुरे. साबण लावायचाच असेल तर सौम्य, बिनवासाचा, आणि तोही बाहेरच्या केसाळ भागापुरता.

आता मुख्य अडचण. ‘इन्फेक्शन’ या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार येतात, त्यांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. पहिला आणि सगळ्यांत जास्त आढळणारा म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. याला मी पुढे बीव्ही म्हणेन. यात बाहेरून एखादा शत्रू येऊन बसतो असं नसतं. लॅक्टोबॅसिलस घटतात आणि गार्डनेरेलासारखे जिवाणू माजतात. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर पाळीच्या वयातल्या २३ ते २९ टक्के बायकांमध्ये तो सापडतो. पातळ, राखाडी-पांढरा स्राव आणि वास; खाज सहसा नाही. दुसरा बुरशीचा, म्हणजे कॅंडिडाचा. जवळपास तीन चतुर्थांश बायकांना आयुष्यात एकदा तरी होतो. यात खाज आणि आग जोरात, स्राव घट्ट, फुटलेल्या दुधासारखा, वास जवळपास नाही आणि पीएच नेहमीसारखाच. तिसरा ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा, जो संबंधांतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात त्याचे १५ कोटी ६० लाख नवे रुग्ण झाले.

तुम्ही वासही लिहिलाय आणि खाजही. म्हणजे बीव्ही असेल, ट्रायकोमोनास असेल, बीव्ही आणि बुरशी दोन्ही असतील, किंवा बीव्ही असेल आणि खाज त्या वॉशची असेल. लक्षणं ऐकून मी सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू नये. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बुरशीचं औषध स्वतःच्या अंदाजाने विकत घेणाऱ्या बायकांना त्यात तपासलं, तर त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त बुरशीचा संसर्ग होता. बाकीच्यांना बीव्ही, मिश्र संसर्ग किंवा भलतंच काही. काहींना तर संसर्गच नव्हता.

खरं तर ही तपासणी अवघड नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून बघायचं साधन, घालून बाजूच्या भिंतीवरचा स्राव पीएचच्या कागदाला लावायचा आणि रंग बघायचा. त्याचा एक ठिपका काचेवर सलाइनच्या थेंबात, दुसरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात. दुसऱ्या थेंबातून वास आला तर तोही एक पुरावा. मग सूक्ष्मदर्शक. बीव्हीत अस्तराच्या पेशींवर जिवाणूंचा असा थर बसलेला असतो की पेशीची कडच पुसट होते, मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखी दिसते. ट्रायकोमोनास जिवंत असेल तर झटके देत, गिरक्या घेत पळताना दिसतो, मात्र काच लगेच बघायला हवी. थंड झाला की तो हलायचा थांबतो आणि मग ओळखू येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो बऱ्याचदा निसटतो, म्हणून सोय असेल तिथे त्याची मॉलिक्युलर चाचणी, म्हणजे त्याचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करतात. बुरशीचे लांब धागे दुसऱ्या थेंबात उठून दिसतात. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती मिळत नाहीत आणि तिन्हींवरची औषधं एकदम लिहून दिली जातात. सोय नसलेल्या ठिकाणी लक्षणांवरून उपचार करायला आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही जागा आहे, पण तीनदा परत आलेल्या त्रासाला तो न्याय लावू नये. शिवाय अनावश्यक अँटिबायोटिक घेतलं की बुरशीला रान मोकळं मिळतं. एक जातं, दुसरं येतं, आणि बाईला वाटतं की जुनाच आजार उलटला.

आता नवऱ्याचा प्रश्न. ‘त्याला काही त्रास नाही’ याचा अर्थ ‘त्याच्याकडे काही नाही’ असा होत नाही. ट्रायकोमोनास झालेल्या बहुतेक पुरुषांना काहीही जाणवत नाही. तो सापडला तर दोघांनी एकदमच औषध घ्यायचं, उपचार पूर्ण होऊन लक्षणं जाईपर्यंत संबंध टाळायचे आणि तीन महिन्यांनी तुमची तपासणी पुन्हा करायची. यात एक नाजूक गोष्ट आहे, ती स्पष्टच लिहिते. हा परजीवी लक्षणांशिवाय महिनोन्महिने, कधी त्याहूनही जास्त काळ राहू शकतो. तो कधी लागला हे रिपोर्टवरून ठरत नाही. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन घरात चौकशी आयोग बसवू नका.

बीव्हीच्या बाबतीत चित्र अलीकडेच बदललंय. नवा जोडीदार, एकाहून जास्त जोडीदार आणि कंडोम न वापरणं यांचा बीव्हीशी संबंध आहे, हे जुनं ज्ञान. जोडीदार स्त्री असेल तर दोघींमध्ये तो एकाच वेळी सापडण्याचं प्रमाणही बरंच असतं. तरीही पुरुषाला गोळ्या देऊन बाईचा आजार उलटायचा थांबत नाही, असंच आधीचे प्रयोग सांगत होते, म्हणून आम्ही पुरुषांना उपचार देत नव्हतो. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात पुरुषाला सात दिवस मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्याच, शिवाय लिंगाच्या त्वचेवर क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं मलमही लावायला दिलं. फक्त बाईला उपचार दिलेल्या जोडप्यांत १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींचा आजार परतला; दोघांना उपचार दिले तिथे ३५ टक्के जणींचा. फरक एवढा ठळक होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली. त्या जोडप्यांमध्ये एकच कायमचा जोडीदार होता, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. आधीच्या प्रयोगांत मलमाचा भाग नव्हता आणि मला वाटतं घोडं तिथेच अडलं होतं, कारण हे जिवाणू लिंगाच्या पुढच्या त्वचेखालीही मुक्काम करतात. युगांडातल्या राकाई भागात झालेल्या चाचणीत सुंता केलेल्या पुरुषांच्या बायकांना बीव्ही आणि ट्रायकोमोनास दोन्ही कमी झाले होते, हेही याच्याशी जुळतं.

बुरशीचं मात्र वेगळं. तिथे जोडीदाराला सरसकट औषध देऊन फायदा होत नाही. त्याला स्वतःला लाली, खाज असेल तरच मलम द्यायचं.

हे सगळं वाचून बीव्ही म्हणजे ‘वाईट वर्तणुकीचा’ पुरावा असं कुणी समजू नये. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात देशभरातल्या बायकांची पाहणी झाली. २९ टक्के जणींना बीव्ही होता. त्यांतल्या ८४ टक्के जणींना कसलीच लक्षणं नव्हती, आणि ज्यांनी कधीच संबंध ठेवले नव्हते त्यांच्यातही साधारण १९ टक्के जणींना तो सापडला. त्याच पाहणीत उत्पन्न आणि शिक्षण कमी असलेल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त होतं. गरिबीचा जिवाणूंशी थेट काही संबंध नसतो. पण पाणी, आडोसा, वेळ, डॉक्टरपर्यंत पोचणं आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा, या सगळ्या गोष्टी गरिबीत आखडतात.

म्हणून ‘धोक्याच्या सवयी’ अशी यादी बाईच्या हातात देण्याचा मला कंटाळा येतो. कंडोमचंच घ्या. तो वापरला तर बीव्ही आणि ट्रायकोमोनास दोन्हींचा धोका कमी होतो, हे खरं. पण तो घालायचा कुणी? ज्या घरात ‘का, माझ्यावर विश्वास नाही का’ हा प्रश्न पुढचं बोलणं संपवतो, तिथे ‘रुग्णाने कंडोम वापरला नाही’ अशी नोंद केसपेपरवर करणं म्हणजे नवऱ्याचा निर्णय बायकोच्या खात्यावर टाकणं. पाळीच्या कापडाचंही तसंच. भारतात ओडिशात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्या बायकांना जननमार्गाचे आणि लघवीचे संसर्ग जास्त आढळले. घरात स्वच्छतेसाठी आडोशाची जागा नसणं, याचाही संबंध दिसला. दोष कापडात नाही. ते साबणाने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून वापरलं तर चांगलं. पण कुणाला दिसू नये म्हणून ओलसर कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली दडवून वाळत घातलं तर ते वाळतच नाही. तिथे बाईची सवय बदलायची की लाज वाटायला लावणारं घर बदलायचं? कामावर आठ-नऊ तास पॅड बदलता येत नसेल तर तिला ‘दर चार-सहा तासांनी बदला’ हे सांगणं वाया जातं. जमत असेल त्यांच्यासाठी मेन्स्ट्रुअल कप चांगला पर्याय आहे.

ताणाचाही वाटा आहे. दीर्घकाळ मानसिक ताणाखाली असलेल्या बायकांमध्ये बीव्ही जास्त आढळतो, इतर कारणं वजा केल्यावरही. सिगारेट ओढणाऱ्या बायकांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस कमी सापडतात. दोन्ही गोष्टी ‘सोडा’ म्हटल्याने सुटत नाहीत, पण डॉक्टरला सांगितलेल्या बऱ्या.

बुरशी वारंवार होत असेल तर माझी शंका सवयींकडे नंतर जाते, साखरेकडे आधी. आटोक्यात नसलेला मधुमेह, नुकतंच घेतलेलं अँटिबायोटिक, स्टेरॉइडच्या गोळ्या, गरोदरपण ही नेहमीची कारणं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि त्यामुळेही हा त्रास होतो. मी हे मुद्दाम लिहिते, कारण गोळी साखरेच्या डॉक्टरने दिलेली असते आणि खाज बाई स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगते, त्यामुळे दोन्हीची सांगड कुणी घालत नाही. आपल्या आपण गोळी बंद करू नका, विचारा.

घट्ट जीन्स, सिंथेटिक अंतर्वस्त्रं, सार्वजनिक शौचालयाचं सीट यांची भीती जितकी पसरलीय तितका पुरावा नाही. सीटवरून यांतलं काही सहसा लागत नाही. घामाने ओले कपडे लवकर बदला, बास. सुवासिक पॅड, पँटी लायनर आणि स्प्रे मात्र नकोत. त्यांनी त्वचा चिडते आणि ती खाज संसर्ग समजून औषधं सुरू होतात. गर्भनिरोधाबद्दल एवढंच, की एकत्रित हार्मोनच्या गोळ्यांवर बीव्हीचं प्रमाण थोडं कमी दिसतं आणि तांबीमुळे पाळीचा रक्तस्राव वाढला तर थोडं जास्त. केवळ तेवढ्यासाठी चांगली मानवलेली तांबी काढून टाकू नये.

तर तुम्ही काय करायचं. वॉश बंद. पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की कपाटातली उरलेली क्रीम किंवा गोळी न घेता, पाळी नसताना आणि आदल्या एक-दोन दिवसांत संबंध नसताना तपासणीला जा. योनीत ठेवायची गोळी किंवा क्रीम चालू असेल तर तपासणीत काहीच नीट दिसत नाही. ‘पीएच आणि सूक्ष्मदर्शकाची तपासणी होईल का, नाहीतर स्वॅब पाठवाल का’ हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या. आधीच्या तिन्ही चिठ्ठ्या सोबत न्या. काय दिलं होतं आणि त्यातलं तुम्ही किती घेतलंत ते खरं सांगा. बीव्हीचा सात दिवसांचा कोर्स चौथ्या दिवशी वास गेला म्हणून सोडणं फार सर्रास होतं. पूर्ण घेऊनही तो वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना परत होतो, हेही माहीत असू द्या, म्हणजे परत आला की स्वतःला दोष देणार नाही. बुरशीच सिद्ध झाली आणि वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा झाली, तर आठवड्याला फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची एक गोळी अशी सहा महिन्यांची पद्धत आहे. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर ही गोळी घ्यायची नाही, आधी डॉक्टरला सांगा.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधांच्या वेळी आत दुखणं, मधेच रक्त जाणं यांपैकी काही असेल तर वाट बघू नका. संसर्ग वर गर्भाशयाकडे गेलेला असू शकतो. गरोदरपणात वास किंवा स्राव बदलला तरी लगेच दाखवा, कारण बीव्ही आणि ट्रायकोमोनास या दोन्हींचा वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाशी संबंध आहे.

बीव्हीचं निदान झालं तर नवऱ्यालाही सोबत न्या आणि दोघांच्या उपचाराबद्दल तिथेच विचारा. सगळ्या डॉक्टरांनी ही पद्धत अजून सुरू केलेली नाही, त्यामुळे विषय तुम्हालाच काढावा लागेल. ‘मला काही नाही, मी कशाला औषध घेऊ’ असं तो म्हणाला, तर वरचे दोन आकडे त्याला दाखवा, ६३ आणि ३५. तरीही तो नाहीच म्हणाला, तर निदान उपचार चालू असताना आणि पुढचे काही महिने कंडोम वापरायला तयार आहे का, ते विचारा. आणि त्याचं जे उत्तर येईल ते पुढच्या भेटीत डॉक्टरला सांगा, केसपेपरवर लिहायला लावा.